साखरपाण्यातली फुलं

भाद्रपद जवळ आला की मला एका जागी बसवत नाही. खुर्चीत बसते, उठते, खिडकीशी जाते, तिथं काही नसतं, परत येते. बंगळूरमधल्या बेळ्ळंदूरच्या या उंच इमारतीतून दिसण्यासारखं म्हणजे खाली तुंबलेल्या मोटारी आणि वर तेवढंच तुंबलेलं आभाळ. मुलगी म्हणते, "आई, तुझं बीपी बघूया का?" बीपी ठीक असतं. दरवर्षी या दिवसांत बीपी ठीक असतं आणि मी ठीक नसते.

काल ती ऑफिसातून येताना पांढऱ्या कार्नेशनचा गुच्छ घेऊन आली. देठांना रबरबँड आणि रबरबँडात अडकवलेली कागदी पुडी. "हे पाण्यात घालायचं, म्हणजे फुलं टिकतात," ती मला शिकवायला लागली. मी पुडी फोडली आणि चिमूटभर जिभेवर ठेवली. आधी गोड, मागून आंबट, आणि अगदी शेवटी विहिरीसारखं काहीतरी.

"आई! ते खायचं नसतं!"

"माहितेय. प्यायचंही नसतं. तुझे आजोबा प्यायले होते."

ती हसली, मला वाटतं तिला ती माझी थट्टा वाटली. थट्टा नव्हती. बसवनगुडीच्या घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर तांब्या होता, त्यात लिंबाचा आणि साखरेचा वास येत होता, आणि अण्णा भर दुपारी बाजारातून आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी अर्धा तांब्या रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "लिंबू सरी आहे. पण पाण्याला स्वल्प विहिरीचा वास येतो." मालूकाकू दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि पदर तोंडावर होता, हसू दाबायला की रडू, ते तिलाही कळत नसावं. त्या तांब्यात विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरच्या निवळीचे चार थेंब होते. अण्णांना काहीही झालं नाही. उलट संध्याकाळी त्यांनी पुन्हा तेच सरबत मागितलं.

ही साठ-एकसष्टची गोष्ट. आमचं घराणं कधीकाळी तंजावरच्या वाटेला लागलेलं आणि बंगळूरलाच टेकलेलं. घरात मराठी, पण तिच्यात कानडी असं मिसळलेलं, ठीक म्हणायला 'सरी', की पुण्याचे पाहुणे आले की आमच्याकडे बघत राहायचे. मालूकाकू मात्र बेळगावची. माझ्या धाकट्या काकाची बायको, माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठी. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं तोवर काका विषमज्वरानं गेला. काकू आमच्याकडेच राहिली. तिला कुणी टाकून बोलत नव्हतं. आमचं घर सुधारक होतं. म्हणजे काकूला रंगीत पातळ नेसायची बंदी नव्हती, फक्त ते कुणी आणून देत नव्हतं.

आणि फुलं. रोज सकाळी फुलवाली मुनियम्मा यायची, "हूवूऽऽ, मल्लिगे हूवूऽऽ" अशी मोगऱ्याची हाळी देत. फाटकाशी टोपली उतरवून ती गजरा कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मापायची, त्या मापाला मोळ म्हणतात. आईचा एक मोळ, माझा अर्धा, देवाचा एक. काकू तिथंच उभी असायची, पैसे आणून द्यायचं काम तिचं. मुनियम्माचा हात तिच्यापाशी आला की किंचित अडखळायचा आणि मग टोपलीवर ओलं फडकं पडायचं. रोज. मी ते बघायचे आणि माझ्या वेणीतली फुलं मला टोचायला लागायची. काकू मात्र हसून म्हणायची, "चला, आत चहा उतू जातोय." चहा कधीच उतू जात नव्हता.

तिलाही एका जागी बसवत नसे. भांडी आवरून झाली की पुन्हा आवरायची. जिना उगाच वर-खाली करायची. दुपारी सगळे आडवे झाले की ती अंगणात फेऱ्या घालायची आणि मी खिडकीतून तिच्या फेऱ्या मोजायचं सोडून पुस्तकाकडे बघायचा प्रयत्न करायचे. मी कॉलेजात होते, परीक्षा जवळ होती, पण त्या घरातली अस्वस्थता ओल्या कपड्यांच्या वासासारखी सगळीकडे होती. श्रावणातलं बंगळूर म्हणजे धड पाऊस नाही, धड ऊन नाही. नुसती भुरभुर. वाळत घातलेलं काही वाळत नाही आणि मनात घेतलेलं काही होत नाही.

एकदा माझा चष्मा आणायला आम्ही दोघी कँटोन्मेंटात गेलो. तिथं एका फुलांच्या दुकानाच्या काचेपाशी काकू थांबली ती हलेना. आत फुलदाण्यांमध्ये फुलं उभी होती. ओवलेली नाहीत, वाहिलेली नाहीत, केसांत नाहीत. नुसती पाण्यात उभी. "ही कुणाची गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कुणाची नाहीत. बघायची."

"नुसती बघायची?" असं म्हणून ती काचेला नाक लावून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. दुकान मिसेस डिमेलो नावाच्या एका पांढऱ्या केसांच्या, करड्या आवाजाच्या बाईंचं होतं. काकूचं इंग्रजी पन्नासेक शब्दांचं आणि बाईंचं कानडी त्याहून कमी, पण गुलाबाचे काटे काढायला भाषा लागत नाही. आठवड्यातून तीन दुपारी ती जायला लागली. अण्णांनी हो म्हटलं, कारण त्यांना वाटलं हा शिवणकामाच्या क्लाससारखाच काहीतरी प्रकार असेल.

मग आमच्या न्हाणीघरात बाटल्या आल्या. मुरंब्याच्या, औषधाच्या, एक शाईचीसुद्धा. प्रत्येकीत एकेक फूल. एकीत नुसतं पाणी, एकीत मीठ, एकीत तुरटी, एकीत तांब्याचा पैसा, एकीत अण्णांची डोकेदुखीची गोळी. "माझं डोकं दुखतंय आणि गोळी फूल खातंय!" अण्णा ओरडले. साखर घातलेल्या बाटलीतलं फूल आधी छान फुललं आणि मग पाणी गढूळ होऊन सगळ्यांच्या आधी मेलं. काकूनं ती बाटली हुंगली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "खायला घातलं की किडेही जेवायला बसतात बघ." म्हणून लिंबू आलं, देठाला पाणी ओढणं सोपं जावं म्हणून, आणि ब्लीचिंगच्या निवळीचे थेंब, पाणी कुजू नये म्हणून. देठ पाण्याखाली धरून तिरका कापायचा. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची. हे सगळं तिला थोडं बाईंनी सांगितलं, थोडं तिनं हट्टानं शोधलं. कुठलं फूल किती टिकलं हे ती मला न्हाणीघराच्या दारातून ओरडून सांगायची, आत कुणी आंघोळीला जायचं खोळंबलंय याची तिला शुद्ध नसायची.

आईला हे पटत नव्हतं. आई वाईट नव्हती, पण तिच्या लेखी फुलाचं आयुष्य ठरलेलं होतं: पहाटे खुडायचं, देवाला वाहायचं, संध्याकाळी सुकायचं, सकाळी निर्माल्य. "फुलं म्हणजे काय लोणचं आहे, टिकवून ठेवायला?" ती म्हणायची. काकू बाटल्यांतलं पाणी बदलत राहायची. एकदा मात्र माझ्यापाशी म्हणाली, "वन्संना काय जातंय म्हणायला. त्यांना रोज ताजं मिळतंय." आईला ती वन्सं का म्हणायची कोण जाणे, नात्यानं त्या जावा. बहुधा जाऊबाई म्हणण्याइतकी बरोबरी तिला वाटत नसावी.

मी आता हे आठवत असताना घरात चालत्येय. स्वयंपाकघर, दिवाणखाना, पुन्हा स्वयंपाकघर. कार्नेशन अजून सिंकमध्ये आडवी पडली आहेत. मुलगी म्हणाली, "फुलदाणीत तरी घाल." घालते म्हटलं. फुलदाणी सापडत नाही, आणि सापडली तरी कुठं ठेवायची ते मला ठरवता येत नाही.

श्रावण सरता सरता बेळगावहून कुणी पाहुणे आले आणि काकूच्या भावाचा निरोप सांगून गेले. वहिनी अंथरुणाला खिळलेली, तीन लहान मुलं, घरात बाईमाणूस नाही. गणपती झाले की तो मालूला न्यायला येणार. न्यायला म्हणजे कायमची. मला अजून आठवतं, काकू तेव्हा वाटण वाटत होती आणि तिनं वरवंटा थांबवला नाही, उलट जोर वाढवला. चटणी वाटून वाटून पातळ झाली. मला तिच्या भावाचा भयंकर राग आला. कुणाची तरी मुलं, कुणाचं तरी दुखणं, कुणाची तरी चूल, आणि तिथं उभं राहायला ही, कारण हिचं स्वतःचं असं काही नाही.

त्याच आठवड्यात मिसेस डिमेलोंकडे एका लग्नाचं काम आलं. आपल्याकडे भाद्रपदात लग्नं नसतात, पण चर्चला भाद्रपद माहीत नाही. पांढरी कार्नेशन हवी होती, वधूच्या हातात आणि चर्चभर. बाई काकूला म्हणाल्या, हे काम नीट झालं तर तुला कायमची ठेवते. काकूनं घरी येऊन अण्णांना सांगितलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सरी," ते म्हणाले. "बाईंनी कायम ठेवलं तर मी तुझ्या भावाशी बोलतो. इथंच राहा." हे सगळ्यांसमोर म्हणाले. मी आनंदानं काकूचा हात धरला.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुकानाच्या मागच्या छपरातून पाणी गळायला लागलं. काकू म्हणाली, फुलं मी घरी नेते, रात्रभर माझ्या पाण्यात ठेवते, सकाळी टवटवीत घेऊन येते. जटक्यातून, म्हणजे आमच्याकडच्या टांग्यातून, बादल्या आल्या. घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे मागची काळोखी खोली. ऊन नाही, वारा नाही. तिथं तिनं बादल्या मांडल्या, फुलाफुलाचा देठ पुन्हा पाण्याखाली कापला, दार ओढून घेतलं आणि वाऱ्याची झुळूकही जाऊ नये म्हणून उंबऱ्याशी गोणपाट गुंडाळून लावलं. एक बादली खोलीत मावली नाही, ती न्हाणीघरात राहिली.

त्याच खोलीत, आढ्याला, गणपतीसाठी आणलेला एलक्की केळ्यांचा घड लटकत होता. हिरवा आणलेला, अण्णांनी धुरी देऊन पिकायला टाकलेला. थंड, काळोखी, बंद खोली केळी पिकवायलाही लागते. दरवर्षी तो तिथंच लटकायचा. त्याच्याकडे बघावं असं कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

सकाळी दार उघडलं तेव्हा पिकल्या केळ्यांचा वास अंगावर आला आणि काकू नुसती उभी राहिली. सगळी फुलं मिटली होती. कार्नेशन सुकून गळत नाही. ते पाकळ्या आत ओढून घेतं, जणू त्याला उजेड बघायचाच नाही. पाणी स्वच्छ होतं, देठ हिरवे होते आणि फुलं झोपून गेली होती. काकूनं एक उचललं, पाकळ्या बोटानं उलगडायला गेली तर त्या मऊ कागदासारख्या हाताशी आल्या.

आई मागून म्हणाली, "साखर बाधली."

त्या एका वाक्यानं निकाल लागला. काकूनंही तो मानला. जटका आणवून ती तशीच दुकानात गेली, न्हाणीघरातली बादली घ्यायचंसुद्धा तिला सुचलं नाही. बाईंनी ऐन वेळी मार्केटातून निशिगंध आणि ॲस्टर आणवून लग्न कसंबसं उभं केलं आणि काकूला सांगितलं, साखरपाण्याचे तुझे प्रयोग तुझ्या घरी कर, उद्यापासून येऊ नकोस. संध्याकाळी अण्णांनी मान खाली घालून बेळगावला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे निरोप दिला, की भावाला म्हणावं, विसर्जन झालं की ये.

गणपती बसले. आरत्या झाल्या. काकू मोदकांच्या पाऱ्या करत होती, एकसारख्या, सुरेख, आणि एका शब्दानं बोलत नव्हती. तिचं ते गप्प बसणं मला सहन होत नव्हतं. तिनं रडावं, आदळआपट करावी, आईशी भांडावं असं मला वाटत होतं. मी स्वतःच सगळ्यांशी भांडत सुटले होते, अगदी मुनियम्माशीसुद्धा, की तुझा हात लहान आहे, मोळ कमी भरतो.

मग एका सकाळी न्हाणीघरातून तिची हाक आली. माझ्या नावानं, जुन्यासारखी, ओरडून. मी धावले. कोपऱ्यात, बंबाच्या आडोशाला, ती विसरलेली बादली होती. तिच्यातली कार्नेशन ताठ उभी होती, पूर्ण उमललेली. पाणी तेच. साखर तीच. ब्लीचिंगची निवळी तीच. काकू ओल्या फरशीवर बसली होती आणि तिच्या डोळ्यांत जे काही होतं त्याची मला थोडी भीतीच वाटली.

"पाणी तेच की गं," ती म्हणाली. "मग तिकडं काय होतं?"

आम्ही दोघींनी काळोखी खोलीत जाऊन एकेक वस्तू बघितली. गोणपाट. कोळशाचं पोतं. जुना पाळणा. आणि वर, अर्धा खाली झालेला, पिवळाजर्द घड. काकूनं वर बघितलं. मग तिनं लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या धुऊन पुसून घेतल्या. दोन्हीत तेच पाणी, दोन्हीत एकेक कार्नेशन. एकीत फुलाच्या शेजारी दोन पिकली केळी. झाकणं घट्ट लावली. दुसऱ्या सकाळी एक फूल उमललेलं होतं आणि केळ्यांच्या शेजारचं झोपलेलं.

आता हे कुणालाही ठाऊक आहे. पिकल्या फळातून एक वायू निघतो, कार्नेशनला तो मुळीच सोसत नाही. माझी नात फोनवर बोट फिरवून त्याचं नावसुद्धा सांगते. काकूला नाव माहीत नव्हतं. ती दोन्ही बरण्या पिशवीत घालून बसनं कँटोन्मेंटला गेली, येताना गात आली. बाईंनी बरण्या खिडकीत ठेवून कितीदा तरी उलटसुलट बघितल्या म्हणे, आणि मग एवढंच म्हणाल्या, "उद्या लवकर ये. फळं आणू नकोस."

अण्णांना सांगितलं तेव्हा ते झोपाळ्यावर होते. त्यांनी सगळं ऐकलं, दोनदा "सरी, सरी" म्हणाले. "कळलं. केळ्यांनी झालं. पण आता मी शब्द दिलाय मालू. तुझा भाऊ निघाला असेल. आणि खरं सांगू, तो काही परका नाही. तिथं गेलीस म्हणजे सगळं विसरशील."

काकू म्हणाली, "अण्णा, पाण्यात चूक नव्हती. खोलीत होती."

"तेच तर मी म्हणतोय," अण्णा म्हणाले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकूनं ट्रंक बाहेर काढली. आई म्हणाली, भाऊ येईपर्यंत थांब की. काकू आईच्या पाया पडली, अण्णांच्या पडली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि जटकेवाल्याला कँटोन्मेंटचा पत्ता सांगितला. मिसेस डिमेलोंच्या बंगल्यामागं एक खोली होती. अण्णा फाटकापर्यंत गेले, पण हाक मारली नाही. दुपारी तिचा भाऊ आला तेव्हा त्याला जेवू घालून परत पाठवावं लागलं, आणि तो जेवला, हे मला विशेष वाटलं.

वर्षभर घरात तिचं नाव निघालं नाही. मला तिचा अभिमान वाटायचा आणि हेवाही वाटायचा, आणि दोन्ही एकदम वाटलं की मी अंगणात फेऱ्या घालायचे. पुढं माझं लग्न झालं, चांगलं झालं. नवरा भला होता, मुलं गुणी निघाली, कुठं काही कमी पडलं नाही. तरी भाद्रपदाच्या तोंडाशी मी घरभर चालत सुटते आणि कोपऱ्याकोपऱ्यात बघते, मला काय शोधायचंय ते मला अजून कळलेलं नाही.

काकू गेली त्याच्या पुढच्या वर्षी गौरी आल्या. घर बायकांनी भरलेलं, हळदीकुंकू चाललेलं, गौरींपुढं फराळ आणि बाजूला टांगलेला एलक्कीचा पिवळा घड. फाटक वाजलं. मालूकाकू होती. निळं पातळ, हातात फुलांचा मोठा पुडा आणि अंबाड्यात, सगळ्यांना दिसेल असं, एक पांढरं कार्नेशन.

एकेक बोलणं थांबत गेलं. मुनियम्मा दारातच टोपली घेऊन बसली होती, तीसुद्धा गजरा मापायची थांबली. आई कुंकवाचा करंडा घेऊन तशीच उभी. काकू पायरीवर थांबली होती, वर येत नव्हती. 

आई पायरीपर्यंत गेली. काकूच्या केसांतल्या फुलाकडे बघितलं, मग बोट लावून त्याची एक पाकळी दाबून बघितली.

"कधीचं आहे?"

"परवाचं," काकू म्हणाली.

आई वळली. गौरींशेजारी जाऊन तिनं तो केळ्यांचा घड दोरीसकट काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा मागच्या खोलीत ने," ती म्हणाली, "आणि दार लावून घे." मग काकूकडे बघून, "ये मालू. आत बस."